बोट-तपासणीत नापास होऊ नये म्हणून: मागच्या तळ्यापासून पुढच्या रॅम्पपर्यंत

उत्तर कॅलिफोर्नियातील तळ्यांवर मासेमारीसाठी स्वतःची बोट नेणाऱ्या आपल्या मंडळींची तक्रार साधारण एकाच पद्धतीची असते. पहाटे तीनला उठावे, ट्रेलर जोडावा, दोन तास गाडी हाकून तळ्याच्या फाटकाशी पोचावे, आणि तपासनिसाने बोटीच्या तळाशी हात घालून ‘पाणी आहे’ एवढेच म्हणून परत पाठवावे. मीही असा परत आलो आहे, आणि तेही वाटीभर पाण्यासाठी. घरी येईपर्यंत माझा राग त्या तपासनिसावर होता. बोट रिकामी करताना नांगराच्या दोराखालून आणखी दोन वाट्या पाणी निघाले, तेव्हा तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी, कारण बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ही तपासणी असते, त्यामुळे तपासनीस शिंपले शोधतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः पाणी शोधत असतो. क्वागा, झेब्रा आणि आता सोनेरी शिंपला या उपद्रवी जातींची पिल्ले पाण्यात तरंगत असताना नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून तुमच्या बोटीतले पाणी कुठले आहे आणि त्यात काय आहे हे ठरवण्याचे कोणतेही साधन तपासनिसाजवळ फाटकावर नसते. त्याच्या लेखी ओली बोट म्हणजे संशयित बोट. ‘पाणी स्वच्छ आहे’, ‘ते पावसाचे आहे’, ‘घरच्या नळाचे आहे’ ही तिन्ही उत्तरे खरी असूनही निरुपयोगी ठरतात ती यामुळेच. पुढचे सर्व टप्पे बोट कोरडी करण्याचे आणि ती कोरडी आहे हे दाखवता येण्याचे आहेत.

टप्पा १: कोणत्या तळ्याचा कोणता नियम, हे आधी ठरवा

सोनेरी शिंपला ऑक्टोबर २०२४मध्ये स्टॉकटन बंदरात सापडला. उत्तर अमेरिकेतील ती त्याची पहिली नोंद होती, आणि त्यानंतर अनेक तळ्यांचे नियम भराभर कडक झाले. (हा शिंपला कोकणातल्या शिनाण्यांच्याच कुळातला आहे, फरक इतकाच, की तो गोड्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या नळांत व पंपांत थरावर थर चढवतो.) त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबून निघणे ही पहिली चूक होय.

नियमांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. काही तळ्यांवर फाटकापाशी तपासणी होते आणि बोट स्वच्छ, कोरडी असेल तर लगेच सोडतात. काही तळ्यांवर आधी बोटीला सील, म्हणजे ती ट्रेलरला बांधणारी क्रमांकाची तार, लावून तीस दिवस थांबावे लागते. फॉल्सम लेकवर १४ एप्रिल २०२५पासून ट्रेलरवरच्या आणि मोटारीच्या बोटींसाठी ही पद्धत सुरू झाली. तिसरा प्रकार म्हणजे गरम पाण्याने धुण्याची सक्ती, ज्याला सगळे ‘डिकॉन’ म्हणतात. लेक टाहोवर २०२५च्या हंगामापासून, टाहोचे अखंड सील नसलेल्या ट्रेलरवरच्या मोटार-बोटीला पाण्यात उतरण्याआधी ते करून घ्यावे लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तळ्याच्या अधिकृत पानावर चार गोष्टी पाहा: तपासणीची जागा, तपासणीच्या वेळा, शुल्क, आणि आगाऊ वेळ घ्यावी लागते का. तपासणीची जागा रॅम्पवरच, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावरच, असेल असे नाही. टाहोला उन्हाळ्यात ती मायर्स, अल्पाइन मेडोज अशा रस्त्यालगतच्या केंद्रांवर होते, आणि तिथे न थांबता थेट रॅम्पवर जाणारा माणूस तासभर मागे हेलपाटा घालतो.

तीस दिवसांच्या नियमाबद्दल जो गैरसमज आहे, त्याने सर्वांत जास्त मनस्ताप होतो. हे तीस दिवस बोट पाण्याबाहेर काढल्यापासून मोजत नाहीत. त्या तळ्याच्या यंत्रणेने सील लावल्यापासून मोजतात. ‘बोट तीन महिने गॅरेजमध्येच होती’ हे सांगून काहीही होत नाही, कारण त्याला पुरावा नसतो. शिवाय एका तळ्याचे सील दुसऱ्या तळ्यावर चालेलच असे नाही. वर्षभरात तीन-चार तळ्यांवर जाण्याची सवय असेल, तर हंगामाच्या सुरुवातीलाच सील लावणाऱ्या एका तळ्याची निवड करून बोट त्याच्यापुरती ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

*सावधान:* नोंदणीसोबत मिळणारा शिंपला-प्रतिबंधक शुल्काचा स्टिकर म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे. तो बोटीवर हवाच. पण तो दाखवून फाटकातून सोडत नाहीत.

टप्पा २: मागच्या तळ्यावरून निघताना

तयारी नेमकी इथे सुरू होते, आणि इथेच ती टाळली जाते, कारण दिवसभराच्या उन्हाने माणूस थकलेला असतो, रॅम्पवर मागे रांग असते आणि घरचे फोन सुरू झालेले असतात. तरीही बोट रॅम्पवरून वर काढून पार्किंगमध्ये घ्या आणि पुढील क्रम मोडू नका.

पहिल्यांदा सगळी बुचे काढा. ‘सगळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे: मागच्या बाजूचे मुख्य बूच सगळ्यांना आठवते, पण मासे जिवंत ठेवायच्या टाकीचे, म्हणजे लाइव्हवेलचे, आणि असल्यास पुढच्या कप्प्याचे बूच राहून जाते. मग ट्रेलरचा पुढचा जॅक वर करून बोटीचे नाक उंच करा आणि ती किमान दहा मिनिटे तशीच राहू द्या. सपाट जागेवर बूच काढून ‘पाणी थांबले’ म्हणून निघालेल्या बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, हमखास पाणी उरते.

बोट निथळत असताना आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर, पूर्ण खाली, अगदी उभी करा. वर उचललेल्या मोटरमध्ये पाणी अडकून राहते आणि फाटकावर तपासनिसाने ती खाली करायला सांगितली, की त्याच्यासमोरच धार लागते. लाइव्हवेल रिकामी झाल्यावर तिचा पंप दोन-तीन सेकंद चालवून नळीतले पाणी बाहेर टाका. आमिषाच्या बादलीतले पाणी कोरड्या जमिनीवर, तळ्यापासून लांब ओता.

त्यानंतर बोटीभोवती आणि ट्रेलरभोवती एक फेरी मारून वनस्पतींचे तुकडे काढा. प्रोपेलरच्या मागे, ट्रेलरच्या आडव्या दांड्यांवर, रोलरच्या फटीत आणि दिव्यांच्या वायरींभोवती ते अडकतात. पुण्यात मुळा-मुठेवर किंवा इंद्रायणीवर जलपर्णीचा गालिचा पाहिलेल्याला एवढ्याशा तुकड्याचे काय होते हे सांगायला नको. तीच जलपर्णी इथे सॅक्रामेंटो-सॅन होआकिन डेल्टातही ठाण मांडून आहे.

*सावधान:* पाणी निघावे म्हणून मोटर कोरडी चालवू नका. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा, पाण्याशिवाय काही क्षणांत खराब होतो.

*तपासा:* निघण्यापूर्वी बुचाच्या भोकाखाली कोरडा टिश्यू पेपर धरा. तो ओला झाला, तर अजून थांबा.

टप्पा ३: घरी धुणे आणि वाळवणे

प्रामाणिक माणूस सर्वांत जास्त फसतो तो या टप्प्यावर. तपासणी आहे म्हणून तो आदल्या संध्याकाळी बोट लख्ख धुतो, नळाला पाइप जोडून मोटरमधून पाणी खेळवतो, समाधानाने झोपतो आणि सकाळी ओली बोट घेऊन फाटकावर नापास होतो. धुणे आवश्यक आहे, पण ते तळ्यावरून आल्या-आल्या, पुढच्या फेरीच्या निदान आठवडाभर आधी व्हायला हवे. आदल्या दिवशी बोटीला पाण्याचा एक थेंबही लावायचा नाही.

धुताना बोट हिरवळीवर किंवा खडीवर उभी करा. रस्त्याकडेच्या गटारात पाणी सोडू नका, कारण ते बहुधा थेट ओढ्यात जाते. घरच्या गिझरच्या पाण्याने शिंपले मारण्याचा प्रयत्न करू नका. ते पाणी साधारण १२० अंश फॅरनहाइटवर असते, तर बोटीच्या बाहेरच्या भागासाठी तपासणी केंद्रे १४० अंश, म्हणजे ६० अंश सेल्सियसचे पाणी वापरतात. घरच्या धुण्याचा हेतू माती, शेवाळ आणि वनस्पती घालवणे एवढाच ठेवा, म्हणजे खाली काही चिकटले असेल तर ते दिसेल.

वाळवण्याचा मुख्य नियम असा, की हवा आत शिरली पाहिजे. बुचे काढलेली, सगळी झाकणे उघडी, गाद्या उभ्या केलेल्या आणि वरचे आच्छादन बाजूला. बे एरियातल्या धुक्यात आच्छादन घट्ट बांधलेली बोट आतून कोरडी होत नाही. रात्री आतल्या बाजूला दव धरते आणि ते खालीच उतरते. गॅरेजमध्ये जागा असेल तर साधा टेबलफॅन बिल्जच्या दिशेने दोन दिवस लावून ठेवणे हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

ओल लपते त्या जागा अशा. नांगराचा दोर: त्याचे वेटोळे वरून कोरडे लागते आणि मध्ये आठवडे ओले राहते, म्हणून तो बाहेर काढून पूर्ण उलगडून टांगा. लाइफ जॅकेटे: कप्प्यात कोंबलेली असतील तर त्यांच्याखाली हमखास ओल असते. ट्रेलरवरच्या गालिचा गुंडाळलेल्या लाकडी फळ्या: बोट त्यांच्यावर टेकलेली असल्याने खालची बाजू वाळत नाही, काही वेळा बोट थोडी सरकवावी लागते. ट्रेलरच्या पोकळ दांड्या: त्यांच्या टोकाला भोक असेल तर ट्रेलर तिरका करून पाणी काढा. आणि स्पंज, जो सगळे पाणी टिपतो आणि मग ओलाच बोटीत विसरला जातो.

इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या आत बसवलेले, इंजिन असेल, तर गोष्ट वेगळी आहे. अशा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहते आणि ते झाकण उघडून पुसता येत नाही. मेकॅनिककडून ब्लॉकची बुचे काढून घेणे किंवा केंद्रावर इंजिनात गरम पाणी खेळवून घेणे हेच मार्ग आहेत. त्यासाठीचा वेळ आणि पैसा आधीच धरून चाला.

टप्पा ४: आदली संध्याकाळ

आता बोटीला तपासनिसाच्या हाताने हात लावा. मोटरच्या पाणी ओढायच्या जाळीवर, बोटीच्या मागच्या कडेच्या पट्ट्यांच्या (ट्रिम टॅबच्या) मागे, मासे शोधायच्या सोनारच्या पाण्यातल्या भागाच्या (ट्रान्सड्यूसरच्या) पट्टीखाली आणि तळाच्या सांध्यांवरून बोटे फिरवा. नुकते चिकटलेले शिंपले डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागतात. गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला, तर ती बोट घेऊन निघू नका आणि राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाला कळवा. असे शिंपले बाळगणे आणि वाहून नेणे हा कॅलिफोर्नियात कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हते’ म्हणण्यापेक्षा स्वतःहून सांगितलेले केव्हाही बरे.

मग बिल्जच्या सर्वांत खोल जागी कोरडा टिश्यू दाबून एक मिनिट ठेवा. लाइव्हवेलच्या तळाशी आणि नांगराच्या कप्प्यातही तेच करा. तिन्ही टिश्यू कोरडे निघाले, तरच तयारी झाली असे म्हणा.

गाडीत एक बादली ठेवा आणि तिच्यात एवढेच असू द्या: सगळी बुचे एका पिशवीत, एक जादा बूच, दोन जाड कोरडे टॉवेल, एक कोरडा स्पंज, विजेरी, नोंदणीचे कागद, ओळखपत्र आणि मागच्या तपासणीची पावती. बुचे खिशात ठेवणाऱ्याची पँट धुवायला गेली, की तपासणीत उत्तीर्ण झालेली बोट रॅम्पवरच बुडायला लागते.

*सावधान:* पावसात बोट ओढत न्यायची असेल तर बुचे काढलेलीच ठेवा आणि फाटकाच्या मैलभर आधी सुरक्षित जागी थांबून टॉवेलने पुसून घ्या.

टप्पा ५: रांगेत आणि तपासनिसासमोर

रांगेत शिरल्यावर तुमचा क्रमांक येण्याआधी आच्छादन काढून घडी करा, सगळी झाकणे उघडा, बांधलेले पट्टे सैल करा, आणि गाडी थांबलेली असताना मोटर खाली करा. बूच लावू नका. ‘आत्ताच पाण्यात उतरायचे आहे’ म्हणून रांगेतच बूच लावणारे दर वेळी दिसतात, आणि त्यांना ते काढून पुन्हा दाखवावे लागते. ही तयारी केलेल्या बोटीची तपासणी काही मिनिटांत उरकते.

तुम्हाला दोन प्रश्न विचारले जातात: बोट शेवटची कुठे आणि कधी पाण्यात होती, आणि गेल्या तीस दिवसांत आणखी कुठे गेली. सरळ उत्तर द्या. लेक मीड, लेक हवासू, डेल्टा या शिंपले असलेल्या पाण्यांपैकी एखादे नाव लपवण्याचा मोह होतो, कारण ते सांगितले की डिकॉन आलेच. पण पश्चिमेकडील अनेक राज्यांत तपासनीस मोबाइलवरच्या सामायिक नोंदी पाहतात, आणि खोटे उत्तर उघडे पडले तर त्या दिवशी काहीच सुटत नाही.

एकाच तळ्यावर एक तपासनीस ओलसर बिल्ज चालवून घेतो आणि दुसरा त्याच ओलीवर परत पाठवतो, ही तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याजवळ उत्तर नाही. तयारी मात्र कडक तपासनिसाला गृहीत धरूनच करावी. समोरचा मुलगा किंवा मुलगी बहुधा हंगामी कामावर असते; नियम त्यांनी केलेला नसतो आणि बदलणे त्यांच्या हातात नसते. गाऱ्हाणे लेखी स्वरूपात तळ्याच्या व्यवस्थापनाकडे द्यावे, आणि ते रांगेतल्या वीस गाड्यांसमोर देऊ नये.

पहाटे बास मासा धरायला जाणाऱ्यांची खरी अडचण वेळेची असते, कारण तपासणी सुरू होईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. जिथे आधी तपासणी करून सील लावून देतात, तिथे आदल्या दुपारीच हे काम उरका. टाहोला हे शक्य आहे, आणि मी तिथे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने जात नाही.

टप्पा ६: नापास झालात तर

पाणी नेमके कुठे सापडले, हे दाखवायला सांगा आणि त्या जागेचा फोटो काढा. मग तीन प्रश्न विचारा: पुसून आजच पुन्हा तपासणी होईल का, डिकॉनची सोय इथेच आहे का, आणि नसेल तर किती दिवस थांबावे लागेल. थोड्या ओलीसाठी काही ठिकाणी बाजूला घेऊन पुसायची मुभा मिळते. शिंपले असलेल्या पाण्यातून बोट आली असेल, तर ती मिळत नाही.

डिकॉनमध्ये बोटीच्या बाहेरून १४० अंश फॅरनहाइटचे पाणी फिरवतात. लाइव्हवेल, बिल्ज आणि त्यांच्या पंपांसाठी १२० अंशांचे, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सियसचे पाणी वापरतात, कारण पंपांना आणि नळ्यांना त्याहून जास्त उष्णता सोसत नाही. इंजिनालाही गरम पाणी खेळवतात. कप्प्यांतले सामान आधीच काढून ठेवा, म्हणजे वेळ वाचतो.

टप्पा ७: परतताना लागणारे सील

सील म्हणजे बोटीच्या पुढच्या कडीतून ट्रेलरला बांधलेली क्रमांकाची तार. ती अखंड असणे म्हणजे बोट मधल्या काळात पाण्यात उतरली नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणून सील लावून घेण्यापूर्वी टप्पा २ मधील सगळा क्रम पूर्ण करा. लाइव्हवेलमध्ये पाणी ठेवून सील लावले, तर तीस दिवसांनी वासही येतो आणि तपासणीतही नापास होता.

पावतीवरचा क्रमांक आणि तारेवरचा क्रमांक जुळतो का ते तिथेच पाहा. मेकॅनिककडे बोट द्यायची असेल तर ‘तार कापू नका’ अशी चिठ्ठी बोट ओढायच्या चरकावर (विंचवर) बांधा. दुरुस्तीसाठी बोट ट्रेलरवरून उतरवायचीच असेल, तर आधी तळ्याच्या कार्यालयाला विचारा. परत त्या तळ्यावर पोचल्यावरही तार स्वतः कापू नका, ती त्यांनाच कापू द्या.

हाताने उतरवायच्या होड्या, ट्यूब आणि वेडर्स

कयाक किंवा फ्लोट ट्यूबवाल्यांना (बसून मासे धरायची फुगवलेली ट्यूब) वाटते की हे सगळे मोटारवाल्यांसाठी आहे. ट्यूबच्या शिवणीच्या घड्या, कयाकच्या आसनाखालचा भाग आणि वेडर्सच्या (पाण्यात उभे राहताना घालायच्या जलरोधक पोशाखाच्या) बुटांचे तळवे यांत पाणी आणि गाळ दोन्ही राहतात. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय जेमतेम मिरीच्या दाण्याएवढी असते आणि एकटी मादीही नवी वसाहत सुरू करू शकते; ती कॅलिफोर्नियातल्या पुटाह क्रीक या ओढ्यात आधीपासून आहे आणि २०२३मध्ये टाहोतही सापडली. बूट ताठ ब्रशने घासा, लेस काढा, आतली गादी वेगळी करा आणि पूर्ण वाळवा. वाळवायला वेळ नसेल तर वेडर्स आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. त्याआधी घरात सांगा. आमच्याकडे ती पिशवी मोदकांच्या डब्याशेजारी सापडली, आणि आता गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर आहे.